मोटरची पाळी

मे महिना लागला की माझ्या कपाळावरची खूण खाजायला लागते. उजव्या भुवईच्या वर आहे, पार केसांत शिरलेली. घामाने होतं, पावडर लावत जा, असं सगळे सांगतात. पावडर मी लावते, पण मनातून मला पक्कं माहीत आहे की त्या खुणेला मे महिना कळतो. बाकीचं वर्षभर ती गुपचूप पडून असते.

यंदा आमच्या आचोळ्यात पुन्हा टँकर आले आहेत. मधली बरीच वर्षं नळाला नीट पाणी होतं आणि माणूस किती लवकर माजतो ते मी या गल्लीत बघितलं. लोक पाइप लावून स्कूटर धुवायला लागले होते. काल टँकर गल्लीत उलटा शिरला आणि त्या आवाजासरशी सगळ्या जिन्यांवरून चपला धावल्या. दोन पोरी, दोघीही माझ्या लेकीच्या वयाच्या, एका पाइपच्या तोंडासाठी एकमेकींच्या झिंज्या धरून चिखलात लोळल्या. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतं. मी बाल्कनीत उभी होते आणि माझ्या मुठी कठड्यावर आपोआप आवळल्या गेल्या. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. मला खाली जावंसं वाटलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा एक मे माझ्या अंगात असा बसला आहे. आम्ही चिपळूणकडचे. ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी मुंबईत. घर परवडलं ते इथे, नालासोपाऱ्याच्या पूर्वेला. चार माळ्यांची नवी बिल्डिंग, भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास आणि नळ कोरडे. पाणी दिवसाआड यायचं, तेही दुपारच्या रणरणत्या उन्हात, बाप्ये कामावर गेल्यावर. ते आधी जमिनीतल्या टाकीत पडायचं आणि तिथून मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटर लावायला माणूस ठेवलेला नव्हता. बायकांच्या पाळ्या होत्या. ज्या घराची पाळी, त्या घरच्या बाईने मागच्या बाजूच्या पंपाच्या खोलीत जायचं, मेन स्विचचा दांडा वर करायचा, खालची टाकी आटत आली की दांडा खाली ओढायचा. बस, एवढंच काम. शेंबडं पोरही करेल.

तेवढंच मला जमत नसे.

का जमत नसे ते सांगायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते, आणि ज्यांच्याकडे शब्द होते त्यांच्याकडे ते फार होते. वेंधळी, धांदरट, भ्रमिष्ट, आळशी. बाबा म्हणायचे, एक ना धड भाराभर चिंध्या. म्हणून थांबत नसत, परसातल्या निगडीचा फोक काढायचे. पाटीवर पाढा लिहिता लिहिता मी कौलावरच्या चिमणीबरोबर उडून जायची आणि पोटरीवर फोक बसला की परत यायची. फोकाने माणूस परत येतो, हे खरं आहे. पण थांबत नाही, हेही खरं आहे. बाबांना वाटायचं, पोर मुद्दाम करते. मलाही पुढे तसंच वाटायला लागलं. दूध उतू गेलं की मी स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायची, लग्नानंतरसुद्धा, ओट्याजवळ एकटी असताना. कोणी बघत नाही ना एवढं बघून.

माझ्या डोक्यात आठवडी बाजार भरलेला असतो. प्रत्येक जण ओरडत असतो आणि मला प्रत्येकाचं ऐकू येतं. भाजी चिरताना कोपऱ्यातली मुंगी दिसते, मुंगीवरून साखरेचा डबा आठवतो, डब्यावरून शेजारणीने नेलेली वाटी, वाटी आणायला मी शेजारी जाते, तिथे गप्पा मारते आणि घरी कढई जळते. यातलं एकही काम मी वाईट हेतूने करत नाही. पण कढईला हेतू कळत नाही.

त्या मे महिन्यात कढईऐवजी मोटर जळली.

पाळी आमची होती. मी दांडा वर केला, मोटर घुरघुरायला लागली, आणि तहान लागली म्हणून दोन घोट प्यायला वर आले. गच्चीवर माझे पापड वाळत होते ते जिन्यात आठवलं, म्हणून तशीच गच्चीवर गेले. कावळ्यांनी अर्धे विस्कटले होते. ते उलटले, राखत बसले, पश्चिमेकडे मिठागरांवरून तो भट्टीसारखा खारट वारा येत होता, आणि मला आमच्या गावची खाडी आठवली, आणि मी तिथेच राहिले. परत आले ती वासाने. मोटरच्या आतलं तारेचं वायंडिंग जळतं तेव्हा एक वास येतो, केस आणि रबर एकत्र जाळल्यासारखा. तो वास मी आजही हजार वासांत ओळखेन. खालची टाकी केव्हाच आटली होती आणि मोटर कोरडी फिरून फिरून मेली होती.

भर मे महिन्यात बिल्डिंगीची मोटर जळणं म्हणजे काय, हे ज्याने सोसलं त्यालाच कळेल. चार माळे हंड्याने पाणी चढवायचं. त्यात एक बाई पोटुशी, एका घरात अंथरुणाला खिळलेले सासरे. दुसऱ्या दिवशी टँकर मागवला तेव्हा माझ्यासाठी रांगेत जागाच नव्हती. मी पुढे सरले की कोपर बसायचं. माझी कळशी कोणीतरी लाथेने उडवली. मीही गप्प बसणारी नव्हे, मी तिचा पदर ओढला, आणि मग कोणी कोणाला मारलं याचा हिशोब राहिला नाही. हंडे एकमेकांवर आपटत होते, बांगड्या फुटत होत्या, टँकरवाला वरून शिव्या देत होता, आणि पाणी, ज्याच्यासाठी हे चाललं होतं, ते पायाखाली चिखल होऊन वाहत होतं.

तेव्हा हिराबाय पुढे आली. हिराबाय मूळची इथलीच, बिल्डिंग उभी राहिली ती जमीन तिच्या सासऱ्याची, त्या बदल्यात तळमजल्यावरचं घर तिला मिळालेलं. गुडघ्यापर्यंत लुगडं, हाताचा पंजा पुरुषासारखा. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण लहानपणापासून माझ्याच नावाने वापरली गेली. हिराबायच्या काखेतल्या कळशाने मात्र वळसा घेतला नाही, तो सरळ माझ्या कपाळावर आला. पितळेचा आवाज मी कानाने नाही, दातांनी ऐकला. मग डोळ्यांवर काहीतरी गरम उतरलं. मला वाटलं, पाणी सांडलं.

टाके घालून मी घरी आले. संध्याकाळी हे आले तेव्हा त्यांना खालीच सगळं कळलं होतं. मला विसरायला होतं म्हणून त्यांनी एक गजराचं घड्याळ आणलं होतं, ते त्यांनी उचललं आणि भिंतीवर फेकलं. काटे पलंगाखाली गेले. आमची रेवा तेव्हा दुसरीत होती, ती दाराआड उभी राहून बघत होती. माझ्या अंगाला त्यांनी हात लावला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. पण ते जे बोलले त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सुमन, तुझ्याकडे पोर ठेवायची मला भीती वाटते."

शांतपणे म्हणाले. मग पुढचंही ठरवूनच आल्यासारखं सांगितलं. मी गावी भावाकडे जायचं, डोकं ठिकाणावर येईपर्यंत. रेवा इथेच राहील, तिला सांभाळायला त्यांची बहीण येईल. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अशा जाण्याला परतीची तारीख नसते, हे आमच्या वाडीत मी दोन बायकांच्या बाबतीत बघितलं होतं. त्या रात्री मी रेवाला इतकं घट्ट धरून झोपले की ती गुदमरून रडायला लागली.

दुरुस्त होऊन मोटर आली. त्यानंतरच्या रविवारी गच्चीवर सगळे जमले. ह्यांनी उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, आमच्या घराला पाळीतून वगळा, हिच्याच्याने होणार नाही. मला आठवतं, सगळ्यांचे चेहरे एकदम सैल पडले. बिच्चारी, असं कोणीतरी म्हणालं. ज्या बायांनी मला कोपरं मारली होती त्याही माना हलवायला लागल्या. मार खाताना मी रडले नव्हते. त्या माना बघून मात्र मी पदर डोळ्यांना लावला. मला माझ्या बिल्डिंगीतून, माझ्या घरातून, माझ्या पोरीपासून, असं प्रेमाने, हात जोडून बाहेर काढलं जात होतं.

कोपऱ्यात पाण्याच्या टाकीला टेकून हिराबाय बसली होती. ती तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "पानी पिते ना ती? मंग पाळी तिचीच."

बिल्डिंगीच्या सेक्रेटरींनी समजवायचा प्रयत्न केला. ती ऐकेना. कपाळ तिनेच फोडलं होतं, आणि तिलाच माझी दया येत नव्हती. मोटर जळली तर पुन्हा फोडीन, म्हणाली, पण तिची पाळी दुसरी कोण करणार नाय. हे रागाने लाल झाले. जिना उतरताना मला म्हणाले, ठीक आहे, एकदा होऊन जाऊ दे, म्हणजे यांचीही खात्री पटेल आणि तुझीही. मग मी बसमध्ये बसवतो तुला. आणि खरोखरच त्यांनी माझी बॅग माळ्यावरून काढून पलंगाखाली ठेवली.

माझ्या पाळीला अजून काही दिवस होते. त्या दिवसांत मी जितका विचार केला तितका आयुष्यात केला नसेल. घड्याळ मी बंद करून विसरते. भिंतीवर लिहून ठेवलेलं दोन दिवसांनी भिंतच होऊन जातं. हातावर शाईने लिहिलं तर भांडी घासताना जातं. देवाला नवस बोलले तर नवसही विसरेन. एका दुपारी पंपाच्या खोलीसमोर नुसती बसून राहिले, सराव म्हणून, आणि थोड्याच वेळात कुंपणाशी जाऊन शेवग्याच्या शेंगा तोडत होते. उठले केव्हा, ते मला कळलंच नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात एक गोष्ट आली, आणि मी शेंगा तिथेच टाकल्या. मी जाणारच. कितीही फोक मारा, कितीही घड्याळं फेका, मी उठून जाणारच. मग माझ्या थांबण्यावर भरवसा कशाला ठेवायचा? माझ्या जाण्यावर ठेवावा. त्याच्याइतकं खात्रीचं माझ्यात दुसरं काही नव्हतं.

माहेरून आणलेलं सुंभ होतं, नारळाच्या काथ्याचं, हाताला कुसळासारखं टोचणारं. त्याचं एक टोक मी स्विचच्या दांड्याला बांधलं. खाली जमिनीलगत झरोक्याचा आडवा गज होता, त्याच्याखालून ओढून दुसरं टोक माझ्या डाव्या मनगटाला. मी दाराबाहेर पाऊल टाकलं की सुंभ ताणलं जाईल, दांडा खाली येईल आणि मोटर बंद पडेल. मी विसरले तरी. विसरले म्हणूनच.

पाळीच्या दुपारी बायका कठड्यांवरून बघत होत्या. गाय बांधलीये बघा, असं कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. हसा. मला त्या वेळी फक्त पलंगाखालची बॅग दिसत होती. पत्र्याच्या खोलीत ऊन शिजत होतं, मोटर घुरघुरत होती, कपाळावरचे टाके घामाने चरचरत होते. दोनदा माझं मन उठलं आणि दोनदा सुंभाने मनगट धरलं. काथ्या कातडीत घुसत होता. मला ते दुखणं आवडलं, असं लिहिलं तर लोक काय म्हणतील माहीत नाही, पण आवडलं. बाबांचा फोक मागाहून यायचा. हे आधी येत होतं.

आणि मग रेवाची किंकाळी आली.

बाजूच्या बिल्डिंगीला टँकर आला होता आणि पोरं तिथे नाचत होती. मी आवाज ऐकला आणि उठले, बस. पुढचं मनगटाला काय झालं मला माहीत नाही, गाठीतून कातडी सोलत हात बाहेर आला तो मी नंतर बघितला. गल्लीत चिखलात रेवा पडली होती, नाकातून रक्त, आणि एक धिप्पाड बाई तिला ओलांडून पाइप ओढत होती. मी त्या बाईला मारलं. आधी हाताने, मग तिचाच हंडा घेऊन. माझ्या आयुष्यातली सगळी निगडी त्या बाईच्या पाठीवर निघाली. ती बिचारी कोण होती तेही मला ठाऊक नाही. तिच्या बाजूच्या चौघी माझ्यावर पडल्या, माझे टाके उसवले, आणि तेवढ्यात हिराबाय कुठूनतरी घुसली आणि त्या चौघींना तिने कोंबड्यांसारखं बाजूला फेकलं. मी रेवाला कमरेवर घेतलं. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं, आणि तिचं रक्त आणि माझं रक्त एकाच ब्लाउजवर, आणि मग एकदम आठवलं.

मोटर.

मी पळत आले. पंपाच्या खोलीत आवाज नव्हता. मी वास घेतला. जळल्याचा वास नव्हता. माझ्या मागून हिराबाय धापा टाकत आली, मला बाजूला सारून आत शिरली, खालच्या टाकीचं झाकण उचलून आत डोकावली. खाली आलेल्या दांड्याला सुंभ लोंबत होतं, त्याला थोडी कातडी लागली होती.

"मोटर बंद हाय," ती म्हणाली. "टाकीन पानी हाय."

मग तिने दांडा वर केला आणि उरलेलं पाणी चढेपर्यंत माझ्याकडे पाठ करून तिथे उभी राहिली. मी खाली बसून रेवाचं नाक पुसत होते आणि मोठमोठ्याने रडत होते. संध्याकाळी ह्यांना ते सगळं तिनेच सांगितलं, जिन्यात अडवून. ह्यांनी माझं मनगट हातात धरून बघितलं. बॅगेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बऱ्याच दिवसांनी केर काढताना मी पलंगाखाली बघितलं, तर ती परत माळ्यावर गेली होती.

त्यानंतर मी घरभर माझ्या जाण्यावर सापळे लावले. गॅस चालू असला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाटा उभा करायचा, ओलांडताना नडगी आपटली की आठवण होते. किल्ल्या भाकरीच्या डब्यात, कारण भुकेची वेळ मी कधी विसरत नाही. बाहेर पडताना रेवा दारात आडवी उभी राहायची आणि मी एकेक वस्तू हातात धरून दाखवल्याशिवाय हलायची नाही: पर्स, किल्ली, छत्री. नडगीवर अजून काळे डाग आहेत. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा माझा बाजार कधी उठला नाही. फक्त त्या बाजारात मी हरवत नाही.

गेल्या वर्षी रेवाने मला या सगळ्याचं नाव सांगितलं. एडीएचडी. ती आता नायगावच्या नव्या टॉवरमध्ये राहते, नोकरी करते, बाळ लहान आहे. नोकरीवर सारखं काहीतरी राहून जातं म्हणून डॉक्टरांकडे गेली होती. आई, हे घराण्यात उतरतं म्हणे, असं ती चाचरत म्हणाली, जशी काही माझी चोरी पकडली. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की हातातलं उलथनं मी मोरीत भिरकावलं. चार अक्षरं होती. ती बाबांना कोणी सांगितली असती तर. फोक किती वाचले असते. बाबा आता नाहीत, भांडायचं तरी कोणाशी?

आज दुपारी जावयाचा फोन आला. निखिल चांगला मुलगा आहे, आवाज चढवत नाही. नायगावलाही पाणी गेलंय. कोरडा नळ उघडा ठेवून रेवा बाळाला घेऊन खाली गेली, मागे पाणी आलं, आणि घरातून वाहत खालच्यांच्या छतातून उतरलं. खालचे वर येऊन अद्वातद्वा बोलले, दाराला लाथा मारल्या. रेवा आतल्या खोलीत आहे, दार उघडत नाही. फोन स्पीकरवर होता. हे समोर आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"आई, थोडे दिवस तिला तिकडे घेऊन जाता का? बाळाला माझी आई बघेल," निखिल म्हणाला. "मला आता तिच्याकडे बाळ ठेवायची भीती वाटते."

ह्यांच्या हातातला पेपर हलायचा थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझं मनगट एकदम तापलं, सुंभ आत्ताच सुटल्यासारखं.

"पाणी पिते ना ती?" मी फोनमध्ये म्हणाले. "मग पाळी तिचीच."

निखिलला काही कळलं नाही. म्हणजे काय आई, असं तो दोनदा म्हणाला. मी म्हणाले, तिला सांग, मी निघाले. बाळ तिच्याच मांडीवर दे, आणि नळाला हात लावू नको.

फोन ठेवून मी वळले तर हे खुर्चीवर चढले होते, या वयात, माळ्यावर हात घालून. बॅगेमागून त्यांनी सुंभाची गुंडाळी काढली, धूळ झटकली आणि माझ्या हातात दिली. मग दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "पर्स. किल्ली. छत्री."